आठवणीच्या औषधाचा शोध

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात वडीलधाऱ्यांची बोलणी ऐकत घटकाभर उभे राहिले, तर दोन दुखणी हमखास कानी येतात. एक गुडघ्यांचे आणि दुसरे विसरण्याचे. गुडघ्यांविषयी माणसे मोकळेपणी बोलतात; विसरण्याविषयी बहुधा घरची माणसेच बोलतात आणि तीही आवाज खाली आणून. ज्या आजीच्या ओठांवर जपमाळेची पाचही दशके आजही न चुकता येतात, तिला समोर बसलेली मुलगी कोण हे सांगता येत नाही, हे चारचौघांत सांगण्यासारखे दुःख नव्हे.

अशाच एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, गुडघ्यांची गोळी आठवणीवरही चालते, हे खरे का?" त्यांच्या आईला संधिवाताची जुनी गोळी चालू होती. गुडघे आता फारसे दुखत नव्हते, कारण आई फारशी चालतच नव्हती. तरीही, अशा गोळ्या घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो असे कोठेसे ऐकल्यामुळे हे चिरंजीव सकाळ-संध्याकाळ ती गोळी आईला आठवणीने देत होते. डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नका, एवढेच मी त्या वेळी म्हणालो. परंतु ते जे ऐकून आले होते, ती निव्वळ अफवा नव्हती. तिच्यामागे मोठ्या विद्वानांचे परिश्रम आहेत, हजारो वृद्धांनी दिलेले सहकार्य आहे आणि ज्यांना जगाने कुंपणाआड कोंडले अशा कुष्ठरुग्णांची आयुष्येही आहेत. त्या गृहस्थांना एका वाक्यात देता न आलेले उत्तर येथे सविस्तर मांडतो.

या औषधांच्या कुळाचा आरंभ एका धर्मोपदेशकापासून होतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील चिपिंग नॉर्टन या गावी राहणारे रेव्हरंड एडवर्ड स्टोन हे अँग्लिकन पंथाचे. वाळुंजाच्या झाडाची साल त्यांनी एकदा सहज चाखून पाहिली आणि तिच्या कडूपणाने ते चकित झाले. असा कडूपणा त्यांना सिंकोनाच्या सालीत ठाऊक होता. दक्षिण अमेरिकेतून येशूसंघीय मिशनऱ्यांनी युरोपात आणलेली ही साल हिवतापावर रामबाण ठरली होती आणि लोक तिला 'जेज्विटांची साल' म्हणत. कट्टर प्रॉटेस्टंट मंडळी केवळ त्या नावामुळे ती घ्यायला कचरत, हा इतिहासातला एक मौजेचा भाग. स्टोन यांनी विचार केला की, दलदलीतून ताप येतो आणि वाळुंजही दलदलीतच वाढतो. रोगाच्या शेजारीच त्याचे औषध ठेवण्याची ईश्वरी योजना असणार. त्यांनी साल वाळवली, दळली आणि सुमारे ५० तापकऱ्यांना दिली. ताप उतरला. १७६३ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवले. त्यांचा तर्क पार चुकीचा होता, पण औषध खरे होते! वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे नेमके याच्या उलट घडणार आहे.

वाळुंजाच्या सालीतील सत्त्व रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात वेगळे केले. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत त्यापासून पोटाला जरा सोसेल असे शुद्ध रसायन तयार झाले आणि १८९९ मध्ये ते 'ॲस्पिरिन' या नावाने बाजारात आले. विसाव्या शतकात त्याला भावंडे झाली. इंडोमेथासिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक अशी ही नावे आज आपल्या घराघरांतील औषधांच्या डब्यात सापडतात. ही सारी औषधे कोणत्या मार्गाने काम करतात याचा उलगडा मात्र १९७१ पर्यंत झाला नव्हता. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्ये तयार होतात त्यांची निर्मितीच ही औषधे रोखतात. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली होती. त्यांच्यामागील एक मोठा कारभारी व्हेन यांच्या हाती लागला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. तीच प्रोस्टाग्लँडिने जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात, म्हणून या गोळ्यांचा गुण आणि अवगुण एकाच मुळातून येतात, हेही त्या शोधामुळे कळले.

आता दुसरा धागा. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची एक विवाहिता दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरे स्वहस्ते लिहून ठेवली. नाव विचारले, तर तिने आपले नाव सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तरी तिने आपलेच नाव सांगितले. जेवताना तिच्या ताटात फ्लॉवर होता, पण काय खातेस असे विचारल्यावर ती पालक म्हणाली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे शब्दही तिच्या तोंडून निघाले. १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेले गाळासारखे ठिपके आणि पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गाठी दिसल्या. त्या वर्षीच्या ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील वैद्यकसभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणीही एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आउगुस्टेची ती जुनी फाईल १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या दप्तरखान्यात पुन्हा सापडली आणि तिच्या उत्तरांना जवळजवळ शंभर वर्षांनी वाचक मिळाले.

हे दोन धागे जुळले ते कॅनडात. व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पॅट्रिक मॅकगीर आणि त्यांच्या पत्नी एडिथ हे दोघे मेंदूवर संशोधन करीत. पॅट्रिक हे अजब गृहस्थ होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कॅनडातर्फे बास्केटबॉल खेळले आणि पुढे प्रयोगशाळा सांभाळतच त्यांच्या प्रांताचे शिक्षणमंत्रीही झाले. १९८० च्या दशकात या दांपत्याला अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत त्या ठिपक्यांभोवती चवताळल्यासारख्या दिसणाऱ्या विशिष्ट पेशींची गर्दी आढळली. 'मायक्रोग्लिया' नावाच्या या पेशी मेंदूच्या राखणदारही आहेत आणि झाडूवाल्याही. शरीरात कोठेही दाह झाला की पांढऱ्या पेशी धावून येतात, तसाच हा प्रकार होता. तोवर मेंदू दाहापासून अलिप्त आहे अशी समजूत होती. मॅकगीर यांनी सरळ प्रश्न केला की, जर मेंदूत दाह चालला असेल आणि तो पेशींना जाळत असेल, तर ज्यांनी वर्षानुवर्षे दाह शमवणारी औषधे घेतली आहेत, त्यांचे काय झाले?

अशी माणसे जगात विपुल होती. संधिवाताचे रुग्ण तीच औषधे घेऊन तर जगतात. मॅकगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या आणि १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले की, संधिवात आणि अल्झायमर हे दोन आजार एकाच माणसात अपेक्षेपेक्षा फारच क्वचित आढळतात.

यानंतर त्यांची दृष्टी वळली ती जपानमधील कुष्ठरुग्णांकडे. येथे जरा थांबून मागे गेले पाहिजे, कारण इतिहासाच्या या भागाशी आपल्या श्रद्धेचे जुने नाते आहे.

फादर डेमियन मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने १५ एप्रिल १८८९ रोजी देवाघरी गेले. त्याच साली जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी गोतेंबा येथे फ्रेंच धर्मगुरू फादर टेस्तव्हिद यांनी कुष्ठरुग्णांसाठी 'कोयामा फुकुसेई' हे रुग्णालय स्थापन केले. (आपल्या मुंबईत ॲक्वर्थ कुष्ठालय उघडले ते पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये.) गोतेंबाच्या या रुग्णालयात १९१९ मध्ये इबुका याए नावाच्या तरुणीला कुष्ठरोगी म्हणून आणून सोडण्यात आले. तीन वर्षांनी कळले की तिला कुष्ठरोग नव्हताच, निदान चुकले होते. दार उघडे होते. पण ती बाहेर पडली नाही. परिचारिकेचे शिक्षण घेऊन ती तेथेच परतली आणि १९८९ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या रुग्णांची झाली. जपानचे कॅथलिक कादंबरीकार शुसाकू एंडो यांना त्यांच्या एका नायिकेची प्रेरणा याच स्त्रीकडून मिळाली.

जपानी सरकारचा मार्ग मात्र निराळा होता. १९०७ च्या कायद्याने निराधार रुग्णांना आणि १९३१ नंतर सर्वच रुग्णांना बंदिस्त आरोग्यधामांत ठेवण्याचे धोरण आले. पुष्कळांनी तेथे पाऊल टाकताच नाव बदलले, कारण खऱ्या नावाने घरच्या बहिणींची लग्ने मोडत. तेथे विवाह करायचा, तर पुरुषाला आधी नसबंदीची अट घातली जाई.

कुष्ठरोगावर खरे औषध आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठालयात, जेथे १८९६ पासून संत व्हिन्सेंट डी पॉलच्या धर्मभगिनी शुश्रूषा करीत होत्या, तेथे डॉ. गाय फॅजेट यांनी सल्फोन वर्गातील 'प्रोमिन' शिरेतून देऊन पाहिले. त्याचेच मूळ रसायन म्हणजे डॅप्सोन. ते स्वस्त होते आणि तोंडाने घेता येई. भारतात मद्रासजवळच्या चिंगलपुट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते वापरले. यामुळे रोग बरा होऊ लागला, तरी जपानचा कायदा काही बदलला नाही. १९५३ मध्ये तो नव्याने मंजूर झाला आणि बरी झालेली माणसेही आरोग्यधामांतच म्हातारी होत राहिली.

डॅप्सोन हे जंतूंवरचे औषध असले तरी ते दाहही शमवते. म्हणजे मॅकगीर यांच्या दृष्टीने जपानमधील आरोग्यधामांत एक प्रयोग आपोआपच घडून गेला होता. तेथील वृद्धांपैकी काही जण दशकानुदशके डॅप्सोन घेत होते, तर काहींचे औषध केव्हाच थांबले होते. जेवण, निवारा आणि एकांतवास सर्वांचा सारखाच. जपानी सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी मोजदाद केली आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. औषध सतत घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण औषध थांबलेल्यांच्या जवळजवळ निम्मे होते.

त्या वेळचा उत्साह आज वाचतानाही जाणवतो. ज्यांच्याकडून समाजाने सर्वस्व हिरावून घेतले, त्यांच्याच शरीरांतून म्हातारपणाच्या सर्वांत भयंकर आजारावर उपाय मिळणार, अशी आशा निर्माण झाली होती. तिच्यातला काव्यात्म न्याय कोणालाही भुरळ घालील. मलाही तो घालतो, म्हणूनच पुढचा भाग लिहिताना हात जरा जड होतो.

पुरावे वाढतच गेले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सन सिटी नावाची निवृत्तांची वसाहत आहे. तेथे जोसेफ रॉजर्स यांनी अल्झायमरच्या ४४ रुग्णांपैकी काहींना सहा महिने इंडोमेथासिन आणि काहींना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. १९९३ मध्ये जाहीर झाले की औषध घेणाऱ्यांची स्थिती टिकली, तर इतरांची घसरली. मात्र शेवटपर्यंत २८ जणच टिकले होते; पोटाच्या त्रासाने औषध सोडणारे अनेक होते. जॉन ब्राइटनर यांनी जुळ्या भावंडांच्या ५० जोड्या अभ्यासल्या. ज्या भावंडाने दाहशामके घेतली होती, त्याला हा आजार उशिरा होत असे किंवा होतच नसे. १९९६ मध्ये मॅकगीर यांनी जगभरातील १७ पाहण्यांचा आढावा घेतला आणि सर्वांचा कल एकाच दिशेला असल्याचे दाखवले.

या सर्वांवर कळस चढवला तो हॉलंडमधील रॉटरडॅम शहराने. तेथील एका उपनगरातील ५५ वर्षांपुढील ६,९८९ रहिवाशांवर सरासरी जवळजवळ सात वर्षे लक्ष ठेवण्यात आले. कोणी किती गोळ्या घेतल्या हे त्यांना विचारण्याची गरज नव्हती, कारण औषधांच्या दुकानांतील संगणकावर प्रत्येक पुडीची नोंद होती. २००१ मध्ये निष्कर्ष आला. दोन वर्षे किंवा अधिक काळ दाहशामके घेणाऱ्यांत अल्झायमरचा धोका इतरांच्या एक-पंचमांश! आमच्या त्या गृहस्थांच्या कानी आलेली बातमी बहुधा येथूनच फिरत फिरत आलेली असणार.

इतके झाल्यावर एखाद्याने म्हटले असते, आता आणखी काय हवे? परंतु पाहणी ही पाहणी असते. जे घडले ते ती सांगते. कशामुळे घडले ते तिला सांगता येतेच असे नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून माणसांचे गट पाडायचे असतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. ही कसोटी सुरू झाली आणि एकामागून एक निराशा पदरी पडू लागली. २००० मध्ये प्रेडनिसोन या स्टेरॉइडची १३८ रुग्णांवरील चाचणी निष्फळ ठरली. २००३ मध्ये नॅप्रोक्सेन आणि रोफेकॉक्सिब यांची ३५१ रुग्णांवरील चाचणीही तशीच गेली. मग म्हटले गेले की आजार जडल्यावर उशीर होतो, औषध आधी द्यायला हवे. तेव्हा विसरभोळेपणाच्या पहिल्या पायरीवरील १,४५७ वृद्धांना रोफेकॉक्सिब देऊन पाहिले. २००५ मध्ये कळले की औषध घेणाऱ्यांतच अल्झायमरचे रुग्ण अधिक निघाले.

सर्वांत मोठी आशा होती ती ब्राइटनर यांच्याच नेतृत्वाखाली २००१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीवर. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा आजार झाला होता, पण स्वतःची स्मृती शाबूत होती, असे सत्तरीचे आणि त्यापुढचे २,५२८ स्त्री-पुरुष तिच्यात स्वेच्छेने उतरले. त्यांतील अनेकांनी आपल्या आईला विस्मृतीत बुडताना जवळून पाहिले असेल. त्यांना नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब किंवा पोकळ गोळी दिली जात होती. इतक्यात ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने रोफेकॉक्सिब जगभरच्या बाजारांतून मागे घेतले, कारण दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके वाढलेले दिसले. डिसेंबरात ब्राइटनर यांच्या चाचणीतील गोळ्याही थांबवण्यात आल्या. २००७ मध्ये तिचा हिशेब प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश टळल्याची काहीही खूण नव्हती.

ब्राइटनर यांच्याविषयी मला आदर वाटतो. आपण ज्या कल्पनेला जन्म देण्यास हातभार लावला, तिची परीक्षा त्यांनी पुन्हा एकदा घेतली. या वेळी माँट्रियलमध्ये, कुटुंबात आजार असलेल्या, पण बऱ्याच तरुण म्हणजे साठीच्या आसपासच्या १९५ जणांना घेऊन. दोन वर्षे नॅप्रोक्सेन दिले. २०१९ मध्ये त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले की लाभ दिसला नाही, त्रास मात्र दिसला. स्वतःच्या हाताने पेटवलेला दिवा स्वतःच फुंकून टाकण्यास लागणारे धैर्य लहान नव्हे.

ॲस्पिरिनचीही अशीच परीक्षा झाली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ धडधाकट वृद्धांवर रोज १०० मिलिग्रॅमची मात्रा जवळजवळ पाच वर्षे आजमावण्यात आली. २०१८ मध्ये आणि पुढे जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार स्मृतिभ्रंश टळला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. (हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना डॉक्टर जी ॲस्पिरिन देतात तिचे कारण वेगळे आहे. हे वाचून कोणी ती आपल्या मनाने बंद करू नये.)

मग रॉटरडॅमच्या त्या आकड्यांचे काय? आकडे खोटे नव्हते. ज्याची स्मृती खालावू लागते, तो माणूस आपले दुखणे सांगणेही हळूहळू विसरतो. दुकानात जाणे, पुडी आणणे, वेळेवर गोळी घेणे ही सारी स्मृतीचीच कामे आहेत. स्मृतिभ्रंश उघड होण्यापूर्वी कित्येक वर्षे तो आत चालू असतो, म्हणून नोंदवहीत असे दिसते की गोळ्या नियमित घेणारे शहाणे राहिले आणि न घेणारे विसरले. प्रत्यक्षात मात्र ज्यांची स्मृती शाबूत होती तेच गोळ्या घेत राहिले, असेही असू शकते. संधिवाताच्या रुग्णांना आयुष्यही इतरांपेक्षा कमी मिळे आणि अल्झायमर हा तर दीर्घायुष्याचा आजार. जपानच्या आरोग्यधामांतही हाच प्रश्न लपलेला होता. डॅप्सोनने त्या वृद्धांची स्मृती राखली, की स्मृती असलेल्यांनीच डॅप्सोन राखले?

मॅकगीर यांचा तर्क चांगला होता, पण त्यातून औषध निघाले नाही. रेव्हरंड स्टोन यांच्या गोष्टीच्या नेमके उलट. मेंदूत दाह असतो हे मात्र त्यांचे म्हणणे खरेच ठरले. मायक्रोग्लियाशी निगडित 'ट्रेम २' या जनुकातील दोषामुळे अल्झायमरचा धोका वाढतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. पण त्यातून उमजले ते असे की या पेशी केवळ आग लावणाऱ्या नाहीत. त्या गाळ उपसणाऱ्याही आहेत आणि सरसकट सर्वांना झोपवून ठेवण्यात घरचे नुकसान आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध तर मायक्रोग्लियांना त्या गाळाकडे बोलावूनच काम करते, आणि त्याचा एक धोका म्हणजे मेंदूला येणारी सूज! मॅकगीर २०२२ मध्ये वारले, ९५ व्या वर्षी.

रॉटरडॅमच्या संशोधकांनीही आपले काम सोडले नव्हते. २०२५ मध्ये त्यांनी ११,७४५ जणांचा, सरासरी साडेचौदा वर्षांचा नवा हिशेब मांडला. दीर्घकाळ दाहशामके घेणाऱ्यांत धोका कमी दिसला खरा, पण तो फक्त १२ टक्क्यांनी. शिवाय एकूण मात्रा वाढली म्हणून लाभ वाढला, असेही दिसले नाही. २००१ मधली ८० टक्क्यांची घट चोवीस वर्षांत १२ वर आली. दाहाचा आणि स्मृतीचा काही संबंध असेल. पण या गोळ्या त्यासाठी घ्याव्यात असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. अंगणात आईची खुर्ची होती. त्यांनी आतून औषधांची पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या आणि त्यांच्यासोबत ही दाहशामक. वृद्ध माणसात या तिघींचा संयोग मूत्रपिंडांना जड जातो. त्यात पाणी कमी प्यायले गेले तर विशेषच. आणि विसरणारा माणूस पाणी पिणेही विसरतो. पोटात जखम होऊन काळी शौचास झाली, तर ती सांगण्याचे भानही त्याला राहत नाही. मी वैद्य नाही, म्हणून आम्ही ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती गोळी बंद केली, दुखेल तेव्हापुरते पॅरासिटामॉल लिहून दिले आणि आईचे कान तपासून घ्या असे सांगितले. गृहस्थ चकित झाले. कानांचा येथे काय संबंध? पण २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्याच तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणे दिली, त्यांत बहिरेपणा आहे, उच्च रक्तदाब आणि मधुमेह आहेत, न सुधारलेली अधू दृष्टी आहे आणि एकाकीपणाही आहे. या सर्वांचा आयुष्यभर बंदोबस्त झाला तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. आईच्या बाबतीत पुष्कळ उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी लपवले नाही. परतताना चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गोळी देत होतो तोवर काहीतरी करतो आहे असे वाटत होते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

जपानचा तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. ११ मे २००१ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने हे विलगीकरण राज्यघटनेविरुद्ध होते असा निर्णय दिला आणि सरकारने त्यावर अपील केले नाही. मॅकगीर यांनी ज्यांची मोजदाद केली त्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत. उरलेल्या रहिवाशांचे सरासरी वय ८५ च्या पुढे गेले आहे. त्यांतील काहींना आता विसरायला होते, पण घरी जाण्यासारखे घर मात्र फार थोड्यांना उरले आहे. कित्येकांच्या अस्थी नातलगांनी नेल्या नाहीत, म्हणून आरोग्यधामांतच अस्थिमंदिरे उभारली गेली. तेथील पुष्कळ अस्थिकलशांवर आजही प्रवेशाच्या दिवशी घेतलेले खोटेच नाव आहे. अलीकडे काही कुटुंबांतील नातवंडे तेथे येतात आणि खरे नाव लिहून देतात.